दोन घास पेज

धनंजयने भाड्याने आणलेली कॅरव्हान माबेल्याच्या आमच्या गल्लीत शिरली, तेव्हा सुगंधाने चपला घालून तिच्याभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, आत डोकावली आणि शेगडीपासून संडास किती अंतरावर आहे ते पदराने मोजलं. पदर उरला. जिथे रांधायचं त्याच भिंतीला पाठ लावून पलीकडे ते, असं घर तिने आजवर पाहिलं नव्हतं आणि पाहायची हौसही नव्हती. तरी ती चढून बसली, कारण नातवंडं अर्ध्या तासापूर्वीच चढली होती आणि उतरायला तयार नव्हती.

मला गाडी आवडली. तीत दोन पलंग होते, एक टेबल होतं जे खाली दाबलं की पलंग होई, एक फ्रीज होता आणि न्हाणी-संडास मिळून एक कपाट होतं. कपाट इतकं अरुंद की आत जाऊन काय करायचं ते माणसाला बाहेरच ठरवावं लागे, आत गेल्यावर वळता येत नसे. चिपळूणच्या एस.टी. आगारात मी एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. हजारो गाड्या सोडल्या, पण पलंगासकट गाडी सोडायचा योग आला नव्हता. गुरुवारी दुपारी आम्ही निघालो तेव्हा मी सवयीने घड्याळ पाहिलं. एक तास चाळीस मिनिटं उशीर. एकदम घरच्यासारखं वाटलं.

धनंजय आमचा मुलगा. इकडे आखातात, रुसैलला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात बारा वर्षं सुपरवायझर आहे. त्याची बायको तेजश्री, मुलगी अश्लेषा बारा वर्षांची, मुलगा कौशिक सात. पोरं आपसांत इंग्रजी बोलतात आणि आमच्याशी मराठी, म्हणजे एकेक शब्द खिशात चाचपून काढून देतात. आम्ही दोघं व्हिजिट व्हिसावर दोन महिन्यांसाठी आलो होतो. राष्ट्रीय दिनाची सुट्टी शुक्रवार-शनिवारला जोडून आली होती आणि सुवेकच्या पुढे समुद्राकाठी एक नवं थीम पार्क झालं होतं, तिथे कॅरव्हान लावून राहायची सोय होती. बुकिंग दीड महिन्यापूर्वीचं. कौशिक तेव्हापासून कॅलेंडरवर रोज एक फुली मारत होता.

आणि नेमकी बायो आजारी पडली.

बायो म्हणजे सुगंधाची धाकटी बहीण. सासरचं नाव विशाखा, पण ते फक्त रेशनकार्डाला माहीत. आई गेली तेव्हा बायो तीन वर्षांची होती आणि सुगंधा दहा. बायोची वेणी, बायोची शाळा, बायोच्या उवा, सगळं सुगंधाने केलं. आमच्या लग्नात ती पाठराखीण म्हणून आली. नवरीची पाठराखीण चार दिवस राहते आणि परत जाते अशी रीत आहे. ही दीड महिना राहिली आणि रोज ताईच्या कुशीत झोपली, मी ओटीवर. जाताना मला म्हणाली, "भावोजी, ताईला ओरडलात तर मी परत येईन." मी त्रेचाळीस वर्षं ओरडलो नाही.

आता ती आठ दिवस चिपळूणच्या एका दवाखान्यात होती. फुप्फुसात पाणी झालं होतं. सुगंधाला बुधवारीच विमानात बसायचं होतं, तिने बॅगही भरली होती. मी म्हटलं, रविवारचं तिकीट काढू. डॉक्टर म्हणतात धोका टळलाय. पोरांचं दीड महिन्याचं ठरलेलं. तू नसलीस तर कौशिक गाडीत पाय ठेवणार नाही. आणि चार दिवसांत असं काय होणार आहे. माझं बोलणं नेहमीच पटण्यासारखं असतं. ती बराच वेळ भरलेल्या बॅगेची चेन नुसती मागेपुढे करत राहिली.

"रविवार म्हणजे रविवार," ती म्हणाली. "मला बायोला जिवंत बघायचंय, अहो. एवढंच."

"रविवार," मी म्हटलं.

तोवर आधार एका गुलाबाचा होता. रोज सकाळी चिपळूणला नऊ वाजता, म्हणजे इथे साडेसातला, बायोच्या फोनवरून शुभ सकाळ लिहिलेलं गुलाबाचं चित्र यायचं. कधी गुलाबावर दव, कधी शेजारी चहाचा कप, कधी कप आणि दव दोन्ही. दवाखान्यातही तिने ते चुकवलं नव्हतं. चित्र आलं की सुगंधा "बायो उठली" म्हणायची आणि मगच स्वतःचा चहा तोंडाला लावायची.

पार्कात पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. आमच्या वाट्याच्या जागेला नंबर होता, विजेचा खांब होता, पाण्याचा नळ होता आणि खजुराची सहा झाडं होती, त्यातली तीन खरी. समोर प्लास्टरचा ज्वालामुखी होता. तो दर अर्ध्या तासाने फुटायचा आणि एक मिनिट इकडेतिकडे होत नसे. इतकं वक्तशीर मी उभ्या नोकरीत काही पाहिलं नव्हतं. सुगंधाने थालीपीठं लावली. छतावरची धुराची शिट्टी बोंबलू लागली आणि धनंजय तिला पुठ्ठ्याने वारा घालत उभा राहिला. पुठ्ठ्याचं त्याला कळतं. तेवढ्यात शेजारच्या कॅरव्हानमधून एक बाई आल्या आणि म्हणाल्या, त्या शिट्टीवर आंघोळीची प्लास्टिकची टोपी चढवा, आम्ही तेच करतो.

त्या हाफिजाबी. मूळच्या दाभोळच्या, नवऱ्याचं सोहारला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. सुगंधाचं माहेर दाभोळच्या खाडीपलीकडचं, हे निघायला दोन मिनिटं लागली. मग दोघी कोकमं कुणाच्या आवाठातली, कुणाच्या वाडीतली चांगली यावर बोलल्या, आणि त्यावरून गाडी बायोवर आली. दवाखाना, पाणी, रविवारचं तिकीट, सगळं सुगंधाने सांगितलं. हाफिजाबी म्हणाल्या, बऱ्या होतील इन्शाल्ला, तुम्हाला बघितल्यावर तर लगेच. सुगंधाला ते फार बरं वाटलं. मला डॉक्टर म्हणाले ते मी तिला चारदा सांगितलं होतं, त्याने वाटलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सहाला धनंजयने मला हलवलं आणि गाडीच्या मागे, पाण्याच्या पाइपापाशी नेलं. त्याच्या हातातला फोन चालू होता. पलीकडे रमण, बायोचा मुलगा.

बायो पहाटे तीनला गेली होती. झोपेत.

रमण बँकेत आहे, शहाणा मुलगा आहे. तो एकेक गोष्ट क्रमाने सांगत होता. आईला घरी आणलंय. मावशी येणार असेल तर बर्फाची व्यवस्था होते. दुपारच्या विमानाने निघाली तर उद्या सकाळी चिपळूण. "काका, मावशीला विचारा आणि सांगा," तो म्हणाला. "आम्ही थांबतो."

विचारायचं होतं एवढंच. सुगंधा आमच्यापासून एका पत्र्याच्या अंतरावर, कौशिकचा पाय पोटावर घेऊन झोपली होती.

एस.टी.च्या चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. गाडी रद्द झाली म्हटलं की माणसं खिडकीवर येतात. गाडी वाटेत आहे म्हटलं की बाकावर जाऊन बसतात. मी एकतीस वर्षं माणसांना बाकावर बसवलं. गाडी आगारात चाकं काढून पडलेली असायची आणि मी सांगायचो, सावर्डे सोडलंय. कुणाचं वाईट झालं नाही. गाडी कधी ना कधी येतच असे.

धनंजयचं म्हणणं होतं, आईला उठवू आणि सांगू. त्याचा चेहरा तेव्हा कौशिकएवढा झाला होता. मी त्याला समजावलं. तिचं बीपी वर आहे. इथे परमुलखात, प्लास्टिकच्या झाडाखाली तिला कोण सावरणार. रविवारी जायचंच आहे, तिकडे तिची माणसं आहेत, उतरल्यावर सांगू. नाहीतरी बायो आता काय बोलणार आहे. कारणं सगळी चांगली होती. मला तिला सांगायचा धीर नव्हता, हे त्यांत नव्हतं.

"थांबू नका," मी रमणला म्हटलं. "तिला झेपायचं नाही. तुम्ही उरकून घ्या."

रमणने विचारलं, "मावशीचं असं म्हणणं आहे?"

मी हो म्हटलं.

मग धनंजय म्हणाला, साडेसातला काय करणार? आणि मला सुचलं. सुचलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला किंचित बरंही वाटलं; अडलेल्या जागी मला नेहमी सुचतं, त्याचं सगळ्या आगारात कौतुक होतं. मी रमणला म्हटलं, आईच्या फोनवरून मावशीला गुलाब पाठव. नुसता गुलाब नको, खाली दोन ओळी लिही. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. बरं वाटतंय. दोन घास पेज खाल्ली. तू पोरांबरोबर मजा कर. मग मी त्याला ते एकदा वाचून दाखवायला लावलं. त्याच्या घरात आई जमिनीवर ठेवलेली होती आणि तो मला फोनवर वाचून दाखवत होता, दोन घास पेज खाल्ली. कशाला, असं त्याने एकदाही विचारलं नाही.

गुलाब आठला आला. तो अर्धा तास सुगंधा दारातल्या घडीच्या खुर्चीवर, मांडीवर फोन आणि हातात गार होत चाललेला चहा घेऊन बसली होती. फोन वाजला. तिने चष्मा लावला. आधी मनात वाचलं, मग मोठ्याने, मग तेजश्रीला बोलावून तिच्याकडून वाचून घेतलं.

"पेज खाल्ली म्हणते," ती म्हणाली. "बायो. पेज."

तिने तो चहा फेकला, नवा करून घेतला आणि दोन कप प्याली. हाफिजाबींना हाक मारून बातमी दिली. तेजश्रीला धनंजयने गाडीमागे नेऊन खरं काय ते सांगितलं होतं. ती आत जाऊन भांडी घासत राहिली, घासलेलीच.

आता यापुढचं मी योजलेलं नव्हतं. मला वाटलं होतं, ती बाकावर बसेल. पण बायोने सांगितलं होतं, मजा कर. आणि बायोने जन्मात ताईकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. दहा वाजता पार्क उघडलं तेव्हा सुगंधा कौशिकचा हात धरून रांगेत सगळ्यांत पुढे होती.

साडीने पाण्यात उतरायला तिथे बंदी आहे. हाफिजाबींनी तिला दुकानात नेलं. ती बाहेर आली ती मनगटापासून घोट्यापर्यंत काळ्या नायलॉनमध्ये, डोक्याला घट्ट टोपडं, कपाळावर मात्र कुंकू. कौशिकने दोन मिनिटं तिला ओळखलं नाही. एरवी मी यावर आठवडाभर बोललो असतो. तिने माझ्याकडे पाहिलं, मी काहीच म्हटलं नाही, तर तिलाच चुकल्यासारखं झालं. "बोला की काहीतरी," ती म्हणाली. मी म्हटलं, छान दिसतंय.

पार्कात एक सिमेंटची नदी आहे. ती सावकाश वाहते, पार्काला एक वळसा घालते आणि निघाली तिथेच येते. सुगंधा एका पिवळ्या रबरी चाकात बसली, एका बाजूला कौशिक, आणि अश्लेषा काठाकाठाने फोनवर चित्रण करत चाललेली. पहिल्या फेरीत सुगंधाने चाक दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं. दुसऱ्या फेरीत एक हात सुटला. तिसऱ्या फेरीत पुलाखालून जाताना वरून पाणी पडलं आणि ती हसली. सुगंधा हसते ती तोंडावर पदर घेऊन. आमच्या लग्नात, धनंजयच्या बारशाला, माझ्या निवृत्तीच्या समारंभात मी केलेल्या भाषणाला, सगळीकडे पदर घेऊन. तिथे पदर नव्हता. तिचा वरचा एक दात किंचित पुढे आहे हे मी विसरलो होतो.

"अहो, बघा," ती पाण्यातून म्हणाली. "मी वाहत चालले."

त्याच वेळी माझ्या खिशात फोन थरथरला. रमण. अकराला झालं, काका. त्याने एवढंच लिहिलं होतं. मी फोन परत खिशात ठेवला आणि बायकोला हात हलवून दाखवला. दुसरं काय करायचं मला सुचलं नाही. अडलेल्या जागी.

ती बाहेर आली तेव्हा अश्लेषाने मला आपला फोन दाखवला. आजीने सांगितलं म्हणून तिने तो व्हिडिओ आजीच्या नंबरवर, आणि आजीच्या नंबरवरून पुढे बायोला पाठवला होता. "बायो आजीला मजा कळली पाहिजे ना," अश्लेषा म्हणाली. "बघा आजोबा, ब्लू टिक. सीन झालं."

मी रमणला फोन लावला. लागला नाही. धनंजयने लावला, त्यालाही नाही. आम्ही दोघं त्या ज्वालामुखीमागे आळीपाळीने फोन लावत राहिलो. चिपळूणला घरात बायका बसल्या असतील, फोन कुणाच्या हातात असेल, मला सगळं दिसत होतं. जाऊन सुगंधाला तेव्हा सांगता आलं असतं. अजूनही सांगता आलं असतं. मी ठरवलं, जेवण झाल्यावर.

जेवायला सगळे कॅरव्हानबाहेर बसलो होतो. सुगंधाने साडी नेसली होती, केस ओले होते, आणि हाफिजाबींनी आणलेल्या घावन्यांवर ती नारळाचा रस वाढत होती. एक वाजला असेल. तिचा फोन वाजला. बायोच्या नंबरवरून आवाजी निरोप होता. सुगंधा असले निरोप नेहमी सगळ्यांना ऐकू जातील असे लावते, कारण कानाला फोन लावला की ती तो उलटा धरते.

"आली बाई," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

आवाज बायोचा नव्हता. मुकुंदरावांचा होता, बायोच्या नवऱ्याचा. ते मराठी शाळेचे मास्तर, कधी आवाज चढवला नाही त्यांनी.

"ताई, मुकुंद बोलतोय. तुमचा व्हिडिओ मिळाला. घरात सगळे बसलेत, सगळ्यांनी बघितला. माझी काही तक्रार नाही, ताई. तुम्ही वाढवलंत तिला. फक्त काल संध्याकाळी ती ताई कधी येते, ताई कधी येते एवढंच विचारत होती, म्हणून सांगतो. आज थांबू नका असा तुमचाच निरोप आला असं रमण म्हणाला, म्हणून आम्ही थांबलो नाही. नाहीतर थांबलो असतो. बर्फाला मी माणूस पाठवला होता, तो अर्ध्या वाटेवरून परत बोलावला."

निरोप संपला. समोर ज्वालामुखी वेळेवर फुटला आणि पोरांच्या एका घोळक्याने टाळ्या वाजवल्या.

सुगंधाने रसाचं भांडं खाली ठेवलं. कुणाकडे पाहायचं ते तिला कळत नव्हतं, म्हणून ती फोनकडेच पाहत होती.

"कधी?" तिने विचारलं.

धनंजय म्हणाला, पहाटे तीनला.

"थांबू नका कोण म्हणालं?"

"मी," मी म्हटलं.

"आणि पेज?"

"तीही मीच."

तिने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. हाफिजाबी उठून तिच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

"बायोला पेज कधी आवडली नाही," सुगंधा म्हणाली. "लहानपणी ताटली भिरकावून द्यायची. सकाळी वाचलं तेव्हा मला वाटलं, जी बायो पेज खायला लागली, ती आता जगते."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. माझं बोलणं नेहमी पटण्यासारखं असतं. ती उठली आणि आत गेली.

मरण कळलं की नेसत्या वस्त्रानिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं. ती त्या कपाटात शिरली, दार लावून घेतलं, आणि आम्हाला वरची तोटी सुटल्याचा आवाज आला. दोन मिनिटं तो आला आणि बंद झाला. सकाळपासून पोरांनी वाळूचे पाय धुऊन टाकी संपवली होती, आणि नळाला जोडायचा पाइप धनंजयने जोडलेलाच नव्हता. सुगंधा बाहेर आली. एक खांदा भिजलेला, अर्धं डोकं भिजलेलं, साडीचा एक सोगा पायाला चिकटलेला. सुतकाची आंघोळही अर्धीच. ती तशीच चालत बाहेरच्या नळापाशी गेली आणि त्याच्याखाली बसली.

मी धावत जाऊन पाइप उचलला.

"तुम्ही नको," ती म्हणाली.

ओरडली नाही. एस.टी.त पुढच्या सीटवर बसलेल्या अनोळखी माणसाला जरा सरकायला सांगावं, तसं म्हणाली.

हाफिजाबींनी आपल्या गाडीतून बादली आणि तांब्या आणला. तेजश्री आणि अश्लेषाने चादर धरली. मी चादरीच्या अलीकडे राहिलो. हाफिजाबींनी हळूच विचारलं, "ताई, मी ओतलं तर चालेल ना?" आणि सुगंधा म्हणाली, "ओता." मग बराच वेळ नुसतं पाणी पडत राहिलं. बादली भरायची, तांब्या बुडायचा, पाणी पडायचं. मधेच एक आवाज आला तो आधी मला पाण्याचा वाटला. हाफिजाबी काहीतरी पुटपुटत होत्या, दुआ असावी. चादर धरलेली अश्लेषा रडत होती, आणि हात वर असल्यामुळे तिला नाक पुसता येत नव्हतं. अंगावर पाणी मीही घ्यायला हवं होतं. मला कुणी सांगितलं नाही.

धनंजयने फोनवर विमानं पाहिली. संध्याकाळी सातचं होतं, दोन जागा होत्या. तो ते मला सांगत होता, पण सुगंधाने ऐकलं. ती कोरडी साडी नेसून दारात उभी होती.

"एकच काढ," ती त्याला म्हणाली.

तो म्हणाला, आई, तू एकटी कधी विमानात बसली नाहीस, मुंबईला उतरून पुढे गाडी, बाबांना येऊ दे. ती म्हणाली, रमण घ्यायला येईल. धनंजयने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मीही येतो. ती शिडीवरून सावकाश खाली उतरली.

"तुमचं रविवारचं आहे ना," ती म्हणाली. "रविवार म्हणजे रविवार."

कॅरव्हान दोन दिवस आधी परत निघाली. पार्काच्या दारावरच्या माणसाने विचारलं, मजा आली का, आणि धनंजयने सवयीने अंगठा वर केला. सुगंधा पुढे त्याच्या शेजारी बसली होती. मी मागे, रात्री पलंग होणाऱ्या टेबलाशी, दोन्ही पोरांसमोर. ओली साडी तेजश्रीने वरच्या पलंगाच्या कठड्यावर टाकली होती. ती गाडीच्या प्रत्येक वळणाला टेबलावर ठिबकत होती आणि कौशिक ते थेंब बोटाने जोडून रस्ते काढत होता. सुवेक गेलं, बरका जवळ आलं.

अश्लेषाने फोन माझ्यापुढे सरकवला. "आजोबा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "आजी म्हणाली तो व्हिडिओ डिलीट कर. सगळीकडून. करू?"

मी म्हटलं, मला एकदा दाखव. तिने आवाज बंद करून लावला. पिवळं चाक, काळं टोपडं, कुंकू. पूल आला, पाणी पडलं. तो पुढे आलेला दात. मग सुगंधा वळून थेट माझ्याकडे बघत काहीतरी म्हणाली; मी त्या वेळी काठावर उभा होतो, खिशात फोन थरथरत असलेला. व्हिडिओत कोपऱ्यात मी दिसतो. हात हलवतोय.

"आजोबा, हा एकच आहे," अश्लेषा म्हणाली. "आजी लाफिंगवाला. दुसरा नाही आमच्याकडे."

"तिने सांगितलंय ना. काढून टाक."

तिने काढला. मग म्हणाली, "तीस दिवस ट्रॅशमध्ये राहतो पण. पाहिजे तर परत घेता येतो."

मी पुढे पाहिलं. दोन सीटांच्या फटीतून सुगंधाचा अंबाडा दिसत होता, अजून ओला, घाईत घातलेला. मी अश्लेषाला म्हटलं, तिथूनही काढ.

माबेल्याला दहा मिनिटं थांबलो. बॅग बुधवारपासून भरलेलीच होती. विमानतळावर कौशिक आजीच्या कमरेला मिठी मारून उभा राहिला. त्याला एवढंच कळलं होतं की सुट्टी अर्ध्यावर संपली आणि ती कुणीतरी बिघडवली. सुगंधाने त्याच्या केसांतली वाळू झटकली, अश्लेषाच्या पाठीवरून हात फिरवला, धनंजयला सांगितलं की हाफिजाबींची बादली आपल्याकडेच राहिली, ती सोहारला पोचती कर. मग पासपोर्ट पदरात घेतला आणि तेजश्रीकडे वळली.

"ह्यांच्या गोळ्या फ्रीजवर निळ्या डबीत आहेत," ती म्हणाली. "रात्रीची अख्खी, सकाळची अर्धी. अर्धी करायला विसरतात, तू करून दे."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. तेजश्री हो म्हणाली. सुगंधा आत गेली, काचेच्या दारापलीकडे बॅग कुठल्या बाजूला न्यायची ते तिला कळेना, एका पोलिसाने बोट दाखवलं, आणि ती त्या बोटाच्या दिशेने चालू लागली.